दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि दहा वर्षांनंतरचा खुबा



१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून वसंत ऋतू व व्याख्यान यांची सांगड महाराष्ट्रात पक्की बसली आहे. अशा व्यासपीठावरून बहुधा इतिहास, साहित्य, अर्थकारण असे विषय बोलले जातात. हाडांच्या डॉक्टराला बोलावून चालकांनी थोडे धाडसच केले आहे. परंतु मांडी घालता येत नाही म्हणून घरच्या पंगतीतून उठून खुर्चीवर जाऊन बसलेला कर्ता पुरुष ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा विषय परका वाटणार नाही.

आरंभी माळेगावचे स्मरण करू. आपल्या तालुक्यातच ही यात्रा भरते. मार्गशीर्षात खंडोबाचे दर्शन आटोपले, की माणूस घोड्यांच्या बाजाराकडे वळतो. तेथे घोडा विकणारा त्याला दौडवून दाखवतो, नाचवून दाखवतो. आणि भोवतालची पोरे टाळ्या वाजवतात. पण जाणता गिऱ्हाईक त्या चालीवर भुलत नाही. तो घोड्याचे तोंड उघडून दात पाहतो, खूर उचलून पाहतो, पायावरून हात फिरवतो. कारण बाजारातली चाल तासाभराची असते, आणि घोडा बाळगायचा असतो दहा-पंधरा वर्षे. आज आम्हांला जे सांगावयाचे आहे ते बरेचसे या गिऱ्हाइकाच्या शहाणपणातच आले आहे. शस्त्रक्रिया कशी झाली हे टाके काढण्याच्या दिवशी कळत नाही, ते दहा वर्षांनी कळते. आणि दहा वर्षांनी काय दिसणार, याचा पुष्कळसा अंदाज शस्त्रक्रियेच्या आधीच, दात पाहावे तसा, पाहून घेता येतो.

आता शस्त्रक्रिया कोणती, ते सांगतो.

मांडीचे हाड कमरेला जेथे मिळते त्या सांध्याला आपण खुबा म्हणतो. शाळेच्या पुस्तकात त्याला उखळीचा सांधा म्हटले आहे, आणि ते नाव सार्थ आहे. मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा असतो आणि कमरेच्या हाडात त्याला बसण्यापुरती उखळ असते. गोळ्यावर आणि उखळीच्या आतून गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, त्यामुळे हाड हाडावर घासत नाही. शिवाय उखळीच्या काठाला सभोवार चिवट कूर्चेची एक कड असते. लॅटिन भाषेत तिला ओठ या अर्थाचे नाव आहे, आणि आपणही तिला ओठच म्हणू. हा ओठ गोळ्याला सभोवार घट्ट चिकटून बसतो, आणि सांध्यातले वंगण बाहेर निसटू देत नाही.

हा ओठ काय काम करतो हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावयास कठीण नाही. आपण सर्वांनी हापसा मारलेला आहे. हापशाच्या आत दट्ट्याला एक वायसर असतो. तो धड असला, की चार हात मारताच पाणी चढते. तो फाटला, की माणूस घामाघूम होतो आणि पाणी येत नाही. खुब्याचा ओठ हा असा वायसर आहे. तो फाटला, की आतला दाब टिकत नाही, आणि कूर्चेवर भार अधिक पडू लागतो. त्यात वेदनेच्या तंतूंची टोके असल्यामुळे दुखतेही. असा रोगी दुखणे दाखवताना बहुधा एक बोट ठेवत नाही. अंगठा मागे आणि बोटे पुढे अशी सारी मूठ खुब्याभोवती धरून दाखवतो. कळ जांघेत असते. गाडीतून उतरताना, उकिडवे बसून उठताना, खाली बसल्या बसल्या एकदम वळताना ती येते. कधी आत काही अडकल्यासारखे होते, कधी कट् असा आवाज होतो.

हा ओठ फाटतो का? क्वचित पडझडीने, अपघाताने फाटतो. परंतु पुष्कळ वेळा कारण हाडाच्या घडणीत असते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद राइनहोल्ड गांझ आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली हे कारण नीट मांडले. काही माणसांच्या मांडीच्या हाडाचा गोळा मानेपाशी पुरता गोल नसतो, तेथे थोडा उंचवटा असतो. काहींच्या उखळीचा काठ गरजेपेक्षा पुढे आलेला असतो. गुडघा छातीकडे आणला, की तो उंचवटा काठावर आदळतो आणि मधला ओठ चेंगरतो. एकदा नव्हे, दिवसातून शेकडो वेळा. आधी ओठ फाटतो, मग शेजारची कूर्चा सोलवटते, आणि अखेर सांधा झिजतो. ह्याच्या उलट, काहींची उखळ जन्मतःच उथळ असते. तेथे गोळ्याला सावरण्याचा अधिकचा भार ओठावर पडून तो फाटतो. कारणे दोन, आणि उपायही निराळे. हा भेद पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात असू द्यावा.

दुर्बिणीने सांध्यात डोकावण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जपानात केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय पाहण्याच्या नळीने मृत माणसाच्या गुडघ्यात पाहिले. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ साली मृतदेहांचे अनेक सांधे अशाच नळीने तपासले, आणि खुब्यापाशी येऊन हात टेकले. गोळा आणि उखळ यांच्या मध्ये सुई घालणे अशक्य आहे, असाच त्यांचा निष्कर्ष होता. गुडघ्याची दुर्बीण पुढे घरोघरी ठाऊक झाली, खुब्याची मात्र मागे राहिली. कारण उघड आहे. खुबा खोल असतो, भोवती मांसाचे जाड थर असतात, आणि गोळा उखळीत जणू शोषून धरलेला असतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचे जेम्स ग्लिक, नॅशव्हिलचे थॉमस बर्ड अशा शल्यविशारदांनी ही अडचण पायाला नीट ताण देऊन सोडवली. रोग्याला भूल देतात, पाऊल बुटासारख्या साधनात अडकवतात आणि पाय ओढून गोळा उखळीपासून सुमारे एक सेंटिमीटर दूर करतात. मग बोटाच्या पेराएवढ्या दोन-तीन छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारे आत जातात. दुर्बिणीला सत्तर अंशांनी तिरपे पाहणारे भिंग असते, त्यामुळे वाकडा कोपराही दिसतो. फाटलेला ओठ पूर्वी कातरून टाकीत; पुढे काठाच्या हाडात बारीक खुंट्या बसवून त्याला टाके घालू लागले; आणि त्याच बैठकीत गोळ्याचा उंचवटाही तासून काढू लागले. ताण फार वेळ राहिला तर जांघेत वा मांडीला बधिरता येते. ती बहुधा काही आठवड्यांत जाते.

शस्त्रक्रिया नाजूक आहे, हुशारीची आहे, आणि व्रण एवढासा. रोगी एक-दोन दिवसांत कुबड्यांवर घरी येतो. गावात बातमी पसरते, की दुर्बिणीने ऑपरेशन झाले, काही कापले नाही, आणि माणूस चालत आला. येथे टाळ्या पडतात. माळेगावच्या बाजारात पडतात तशाच.

आम्ही स्वतः ही शस्त्रक्रिया करीत नाही, हे प्रथम सांगून टाकणे बरे. ती करणारे पुण्या-मुंबईस, हैदराबादेस आहेत. आमच्याकडे आधी रोगी येतो तो जांघेतल्या कळीसाठी, आणि पुन्हा येतो तो शस्त्रक्रिया करून आल्यावर. म्हणजे आम्ही उंबऱ्यावरचे माणूस. दोन्ही बाजूंची ये-जा आम्हांला दिसते, आणि म्हणूनच बोलण्याचे धाडस करतो.

आता दहा वर्षांचा हिशोब पाहू.

वर ज्यांचे नाव घेतले त्या बर्ड यांनी एक चांगली गोष्ट केली. १९९३ सालापासून प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली, आणि तीन महिने, एक वर्ष, दोन, पाच व दहा वर्षे असे टप्पे धरून त्यांना पुन्हा पुन्हा विचारले. २०१० साली त्यांनी पन्नास रोग्यांचा दहा वर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. शंभर गुणांच्या मापावर शस्त्रक्रियेपूर्वी मध्यावरच्या रोग्याला ५६ गुण होते, दहा वर्षांनी ८१. हे काही थोडे नव्हे. परंतु त्याच पन्नासांपैकी चौदा जणांना ह्या अवधीत कृत्रिम सांधा बसवावा लागला होता. मग प्रश्न असा, की हे चौदा कोण?

त्याचे उत्तर त्यांच्याच २००९ सालच्या वृत्तान्तात आहे. तो केवळ ओठ फाटलेल्या रोग्यांचा होता. ज्यांच्या सांध्यात शस्त्रक्रियेच्या वेळी झीज नव्हती, त्यांपैकी शेकडा ८३ दहा वर्षांनीही चांगले सुधारलेले होते. ज्यांच्या सांध्यात झीज आधीच सुरू झालेली होती, त्यांपैकी शेकडा ८८ जणांना कृत्रिम सांधा बसवावा लागला, आणि तोही सरासरी सव्वापाच वर्षांत. शस्त्रक्रिया तीच, हात तोच, दुर्बीण तीच. फरक होता तो आधीच्या सांध्यात.

अमेरिकेतच कोलोरॅडोमधील व्हेल या गावी अशा शस्त्रक्रियांचे मोठे केंद्र आहे. तेथील १४५ रोग्यांचा दहा वर्षांचा हिशोब २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५० जणांना, म्हणजे शेकडा ३४ जणांना, दहा वर्षांच्या आत कृत्रिम सांधा लागला. ओठ कातरला की शिवला, याने दहा वर्षांच्या निकालात लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो वयाने, कूर्चेच्या अवस्थेने, आणि क्ष-किरणाच्या चित्रात गोळा व उखळ यांच्या मध्ये जी मोकळी फट दिसते तिच्या रुंदीने. ती फट म्हणजे मोकळी जागा नव्हे. तेथे कूर्चा असते, ती क्ष-किरणांत दिसत नाही एवढेच. फट दोन मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर निकाल वाईट.

दोन मिलिमीटर! एखाद्या नाण्याच्या जाडीएवढे हे अंतर. त्यावर दहा वर्षांचे भविष्य अवलंबून असावे, आणि ते साध्या क्ष-किरणाच्या चित्रावर पट्टी ठेवून मोजता यावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. हापशाची उपमा पुन्हा घेऊ. वायसर फाटला असेल आणि नळ धड असेल, तर नवा वायसर घालावा. वर्षानुवर्षे पाणी येईल. पण नळच आतून गंजून चाळण झाला असेल, तर कितीही उत्तम वायसर घाला, काही दिवसांनी खडखडाट ठरलेला. हापसा दुरुस्त करणारा आधी नळ वर काढून पाहतो. आम्ही डॉक्टर लोक मात्र कधी कधी तेवढे पाहत नाही.

हे दुसऱ्याविषयी बोलत नाही, स्वतःविषयी बोलतो. आमच्याकडे एक शिक्षक आले होते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, सायकलवर शाळेत जाणारे. जांघेत कळ. एमआरआयचे चित्र काढले, त्यात ओठ फाटल्याचे स्पष्ट लिहून आले. आम्ही तो शब्द वाचला आणि समाधान पावलो, की रोग सापडला. त्यांना मोठ्या शहरात पाठवले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तीन महिन्यांनी ते चालत आले तेव्हा आम्ही कागदावर ‘बरे’ असे लिहिले. सहा वर्षांनी ते काठी टेकीत आले. नव्या चित्रात फट जवळजवळ उरलीच नव्हती. मग जुने चित्र काढून उजेडासमोर धरले, पट्टी ठेवली. फट तेव्हाही अरुंदच होती. ते चित्र पहिल्या दिवसापासून आमच्या हातात होते. आम्ही मोजले नव्हते. ज्या पैशासाठी त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले, त्या पैशात त्यांना सहा वर्षे मिळाली असे म्हणावे, की सहा वर्षांनंतरचा खर्च दुप्पट झाला असे म्हणावे? ते गृहस्थ सज्जन होते, आम्हांला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एक मुलगी, विशीतली, कबड्डी खेळणारी. तिची फट रुंद, कूर्चा धड, गोळ्यावर उंचवटा. चार महिने व्यायामोपचार करूनही कळ गेली नाही, तेव्हा तिला पाठवले. शस्त्रक्रियेनंतर ती दोनदा आली आणि मग नाहीशी झाली. आम्ही समजलो, काही बिनसले असेल, दुसरीकडे गेली असेल. सात वर्षांनी ती माळेगावच्या यात्रेत भेटली. कडेवर मूल, डोक्यावर गाठोडे. आम्ही विचारले, ‘बाई, पुन्हा आली नाहीस?’ ती म्हणाली, ‘दुखलंच नाही, मग कशाला येऊ?’

ह्या उत्तरात एक मोठी अडचण लपलेली आहे. ज्याला बरे वाटते तो येत नाही. ज्याला बरे वाटत नाही तो आमच्याकडे येतो, पण ज्याने शस्त्रक्रिया केली त्याच्याकडे पुष्कळदा जात नाही; दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. म्हणून शहरातल्या शल्यविशारदाला वाटते, आपले सर्व रोगी बरे आहेत. आणि उंबऱ्यावरच्या डॉक्टरला वाटते, ही शस्त्रक्रिया फुकट आहे. दोघेही प्रामाणिक, आणि दोघांचेही चित्र अर्धे. प्रत्येक रोग्याचा पाठपुरावा केल्यावाचून हे अर्ध पुरे होत नाही.

याहून एक बारीक प्रश्न आहे. वर ज्या शंभर गुणांचा उल्लेख केला, ते गुण कशाचे? हे मोजमाप बोस्टनच्या विल्यम हॅरिस यांनी १९६९ साली तयार केले, आणि आजही थोड्या फेरफाराने चालते. त्यात वेदनेला ४४ गुण आहेत. चालण्याला आहेत, जिना चढण्याला ४, मोजे व बूट घालण्याला ४, खुर्चीवर बसण्याला ५, सार्वजनिक गाडीत चढण्याला १. सारी यादी वाचून पाहिली, तर मांडी घालून बसण्याला एकही गुण नाही. उकिडवे बसण्याला एकही नाही. यात हॅरिस यांचा दोष नाही. त्यांच्या गावात माणसे खुर्चीवर बसत होती. २०१२ साली आलेल्या एका नव्या प्रश्नावलीत जमिनीवरून उठण्याबसण्याचा प्रश्न घातलेला आहे, हे पुढचे पाऊल खरे. परंतु आपल्या दृष्टीने पाहा. आपली बाई खुरपणीला बसते ती उकिडवी, आणि सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तशीच सरकत जाते. कीर्तनाला, पंगतीला, पूजेला माणूस मांडी घालतो. पुष्कळ घरांत शौचाला आजही उकिडवेच बसावे लागते. एखाद्या खुरपणाऱ्या बाईला कागदावर नव्वद गुण मिळाले आणि उकिडवे बसता आले नाही, तर तिच्या घराला ती बरी झाली असे वाटेल काय? तिची मजुरी तर गेलीच. उलट एखाद्या कारकुनाला तेवढेच गुण मिळाले, तर तो सुखाने टेबलाशी बसून राहील. तेव्हा ‘यश किती टक्के’ असे डॉक्टरला विचारण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे, की यश म्हणजे आपल्याला काय करता आले पाहिजे? आणि ते डॉक्टरला शब्दांत सांगावे. सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

आता कोणी म्हणेल, ओठ फाटलेला आहे हे चित्रात दिसते, मग दुरुस्त करून का घेऊ नये? यावर २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक शोध फार बोलका आहे. ज्यांचा खुबा मुळीच दुखत नाही अशा ४५ माणसांचे, सरासरी वय सुमारे अडतीस, एमआरआय चित्र काढले. शेकडा ६९ खुब्यांत ओठ फाटलेला आढळला. त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. तात्पर्य, चित्रातली फाट म्हणजे दुखण्याचे कारण असेलच असे नाही. केस पिकतात तशी ती वयानेही येते. जांघेतली कळ पाठीच्या मणक्यातून येऊ शकते, गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून येऊ शकते, आपल्याकडे क्षयाने सांधा धरल्यामुळेही येऊ शकते. हे रोग ओळखण्याचे राहून गेले आणि ओठच शिवला, तर अनर्थ होईल.

आणि शस्त्रक्रियेवाचून भागते काय? ब्रिटनमध्ये २३ रुग्णालयांतल्या ३४८ रोग्यांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला दुर्बिणीची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली व्यायामोपचार. २०१८ साली निकाल लागला. वर्षाअखेर दोन्ही गट सुधारले. शस्त्रक्रियेचा गट शंभरांत सुमारे सात गुणांनी पुढे राहिला. याचा अर्थ दोन्हीकडून घ्यावा. शस्त्रक्रियेने व्यायामाहून थोडा अधिक गुण आला. आणि व्यायामानेही पुष्कळांचे काम भागते. म्हणून आधी तीन-चार महिने व्यायाम मनापासून करून पाहावा, यात कोणाचेच नुकसान नाही.

कोणी विचारील, मोठमोठे खेळाडू ही शस्त्रक्रिया करून घेतात, त्यांचे काय होते? ब्राझीलचा टेनिसपटू गुस्तावो कुएर्तेन याने फ्रान्सची अजिंक्यपदाची स्पर्धा तीनदा जिंकली. २००२ साली त्याच्या खुब्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, २००४ साली पुन्हा, २००६ साली पुन्हा. २००८ साली तो निवृत्त झाला आणि २०१३ साली त्याला कृत्रिम सांधा बसवावा लागला. इंग्लंडच्या मैदानावर विंबल्डन जिंकणारा स्कॉटलंडचा अँडी मरे याची अशी शस्त्रक्रिया जानेवारी २०१८ मध्ये झाली. पुढच्याच जानेवारीत गोळ्यावर धातूचे आवरण बसवावे लागले, आणि ते बसवून तो पुन्हा खेळला. ह्यांना जगातले उत्तम हात मिळाले, पैशाची ददात नव्हती. तरी झिजलेली कूर्चा कोणाला परत मिळाली नाही. कूर्चेला राव आणि रंक सारखेच.

तेव्हा कोणी आपल्याला ही शस्त्रक्रिया सुचवली, तर चार गोष्टी विचाराव्यात. त्या विचारण्यात डॉक्टरचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला त्या आवडतात. पहिली, माझ्या सांध्यातली फट किती मिलिमीटर आहे, आणि कूर्चा किती उरली आहे? दुसरी, ओठ फाटण्याचे कारण काय, हाडाचा उंचवटा की उथळ उखळ? कारण उखळ फार उथळ असेल तर नुसता ओठ शिवून चालत नाही. उखळच कापून तिची दिशा बदलावी लागते, आणि ती शस्त्रक्रिया वेगळी. तिसरी, व्यायामोपचार पुरता झाला काय? चौथी, माझे काम असे असे आहे, मला असे बसावे लागते. ते मला पाच वर्षांनी, दहा वर्षांनी करता येईल असा आपला अंदाज काय? फट रुंद असेल, वय कमी असेल, कारण स्पष्ट असेल, तर भिऊ नये. अशा माणसाला ही शस्त्रक्रिया वर्षानुवर्षांचे सुख देते. फट अरुंद असेल, तर जमीन गहाण टाकण्यापूर्वी थांबावे. झिजलेल्या सांध्याला निराळा, खात्रीचा उपाय आहे. १९६२ साली इंग्लंडच्या जॉन चार्नले यांनी कृत्रिम खुब्याचा जो मार्ग घालून दिला, त्यावर आज असंख्य माणसे चालत आहेत. उकिडवे बसण्याविषयी तेथे डॉक्टर सावधगिरी सांगतात, ती ऐकावी लागते. परंतु दोन खर्च करून तेथे पोहोचण्यापेक्षा एका खर्चात पोहोचणे शहाणपणाचे.

शेवटी एक मागणे मागून आम्ही बसणार आहोत. आपल्या घरात दुखण्याचे कागद ठेवण्याची एक पिशवी असते. लग्नाच्या, जमिनीच्या कागदांइतकी तिची निगा राखली जात नाही. सारवण-रंगरंगोटीच्या वेळी क्ष-किरणाच्या काचा ‘आता काय कामाच्या’ म्हणून फेकल्या जातात, नाहीतर पोरे त्यांतून ग्रहण पाहतात, आणि त्याने डोळ्यांना इजा होते ती वेगळीच. कृपा करून त्या जपा. पहिल्या दिवसाच्या चित्रावाचून दहाव्या वर्षाचे चित्र मुके असते. आणि ज्यांची शस्त्रक्रिया होऊन बरे वाटत आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी आपल्या डॉक्टरकडे जाऊन ‘मी बरा आहे, मांडी घालतो, खुरपणीला बसतो’ एवढे सांगून यावे. ज्यांना बरे वाटत नाही त्यांनीही, राग असला तर रागासकट, जेथे शस्त्रक्रिया झाली तेथेच जाऊन सांगावे. नॅशव्हिलच्या पन्नास माणसांनी दहा वर्षे येऊन सांगितले, म्हणून आज लोह्यात बसून आपण त्यावर चार शब्द बोलू शकलो. मांडी घालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसांचा असा हिशोब त्यांच्या कागदात सापडणार नाही. तो आपल्यालाच लिहावा लागेल.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. त्या शिक्षकांच्या भेटीनंतर एक साधी वही घातली. प्रत्येक खुब्याच्या रोग्याचे नाव, पहिल्या दिवसाची फट मिलिमीटरमध्ये, आणि पुढे दर वर्षी दोन रकाने: मांडी घालता येते काय, उकिडवे बसता येते काय. वहीत पाने फार भरलेली नाहीत. यात्रेत भेटलेल्या त्या मुलीचे नाव मात्र घरी परतल्यावर त्याच रात्री लिहिले, आणि पुढे दोन्ही रकान्यांत ‘होय’ असे लिहिले.